नवा राउटर घेण्यापूर्वी

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकांनी दोन वर्षांपूर्वी घरासाठी नवा राउटर घेतला. काळाभोर, चार अँटेनांचा, उताण्या पडलेल्या कोळ्यासारखा दिसणारा. किंमत साडेसहा हजार रुपये. घेण्याचे कारण साधे होते. मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला, त्याच्या काही चाचण्या ऑनलाइन होत, आणि त्याच्या मागच्या खोलीत इंटरनेट सारखे तुटे. एकदा ऐन चाचणीत तुटले आणि शेवटचे बारा प्रश्न तसेच राहिले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुना टाकून द्या. हा तीन हजारांचा आहे, शेजाऱ्यांनाही पुरेल." तीन हजार म्हणजे खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा. नवा राउटर जुन्याच्याच जागी बसला, म्हणजे पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मागच्या खोलीतले इंटरनेट पूर्वीसारखेच तुटत राहिले.

बाईंनी आम्हाला विचारले, की राउटर सदोष निघाला का? राउटर उत्तम होता. प्रश्न त्याच्या गुणवत्तेचा नव्हताच.

अशा तक्रारी आपल्यापैकी अनेकांकडे येत असतील. विज्ञान शिकवणारा शिक्षक म्हणजे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्याचा वैद्य, असा समज गावोगावी आहे, आणि तो पुरता चुकीचाही नाही. कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल घ्यावे हे आम्ही येथे सांगणार नाही, कारण मॉडेले वर्षभरात बदलतात. पण ज्या तत्त्वांवर हे यंत्र चालते ती नववी ते बारावीच्या पुस्तकांतलीच आहेत. ती वापरली तर पैसे वाचतात, आणि वर्गात सांगायला चांगली उदाहरणेही मिळतात.

आधी तक्रार कोणाची?

आपण ज्याला राउटर म्हणतो त्या डबीत प्रत्यक्षात तीन यंत्रे असतात. पहिले खऱ्या अर्थाने राउटर, म्हणजे मार्ग दाखवणारे. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. शाळेच्या पत्त्यावर आलेला टपालाचा गठ्ठा शिपाई वर्गावर्गात पोहोचवतो, तसे बाहेरून आलेले माहितीचे तुकडे हे यंत्र घरातल्या योग्य फोनकडे किंवा संगणकाकडे पाठवते. दुसरे यंत्र म्हणजे वायरी जोडण्याची मागची भोके. आणि तिसरे म्हणजे एक छोटे बिनतारी केंद्र, जे एकाच वेळी आकाशवाणीसारखे बोलते आणि रेडिओसारखे ऐकतेही. वाय-फाय म्हणतात ते या तिसऱ्याला. फायबरची जोडणी असेल तर प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे चौथे यंत्रही येते. ते वेगळे असते किंवा त्याच डबीत असते.

इंटरनेट हळू चालते, ही तक्रार यांतल्या नेमक्या कोणाविषयी आहे, हे ठरवल्याशिवाय दुकानात जाऊ नये. चाचणी सोपी आहे. लॅपटॉप वायरीने थेट राउटरला जोडावा, वाय-फाय बंद करावे आणि वेग मोजून देणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. पहाटे एकदा आणि रात्री नऊला एकदा असे तीन-चार दिवस आकडे लिहून ठेवावेत. वायरीनेही वेग कमीच येत असेल, तर वाय-फाय निर्दोष आहे आणि नव्या राउटरने फरक पडण्याची आशा थोडी. पहाटे चांगला आणि रात्री वाईट येत असेल, तर गर्दी बाहेर आहे. फायबरच्या प्रचलित पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट वाहून नेणारा एकच धागा पुढे फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. तेव्हा शेजारचा क्रिकेटचा सामना आपल्यालाही भोवू शकतो. ही वही घेऊन जोडणी देणाऱ्याकडे जावे. आकडे समोर ठेवले की बोलण्याचा सूर बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

येथे एक घोटाळा टाळावा. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. यात फसवणूक नाही, फक्त भागाकार आहे.

किती वेग लागतो याचाही हिशेब करावा. स्पष्ट चित्राचा चित्रपट पाहायला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरतात, चित्रफितीवरून बोलण्याला त्याहून कमी. चौघांच्या घराला ५० मेगाबिट पुष्कळ झाले. पण बारा प्रश्न राहिलेल्या मुलाला वेग नकोच होता. त्याला हवा होता न तुटणारा संपर्क, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

बारा सेंटिमीटरची लाट

वाय-फायच्या लहरी म्हणजे रेडिओ लहरीच. त्यांचे दोन पट्टे आपल्याकडे रूढ आहेत, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. पहिल्या पट्ट्याची येते सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची पाच ते सहा. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालते, म्हणून ती सुरू असताना शेजारच्या फोनचे वाय-फाय कधीकधी अडखळते. हा योगायोग नाही. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखलेला हा पट्टा संदेशवहनाच्या दृष्टीने टाकाऊ मानला जात होता. १९८५ साली अमेरिकेने अशा पट्ट्यांत परवान्याशिवाय संदेश पाठवायला मुभा दिली आणि पुढचा सगळा इतिहास या टाकाऊ जमिनीवर उभा राहिला. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला मोठा भाग घराबाहेरच्या वापरासाठीही खुला व्हायला २०१८ साल उजाडले. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा भाग मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा खोक्यावर ६ गिगाहर्ट्‌झचे नाव असेल, तर आपल्या घरातले किती फोन हा पट्टा ओळखतात ते आधी पहावे. बहुतेक घरांत उत्तर शून्य किंवा एक येईल.

आता भिंतींकडे वळू. राउटरपासून दूर जाताना लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दोन मीटरवर जेवढी असेल तिच्या नवव्या हिश्श्याएवढी सहा मीटरवर. हे मोकळ्या जागेत. वाटेत भिंत आली तर ती आपला वाटा काढून घेते, आणि तो वाटा भिंत कशाची आहे यावर ठरतो. लाकडी दार किंवा प्लायवूडचा पडदा फार थोडे घेतो. विटेची भिंत बरेच घेते. सळ्यांचे सिमेंट काँक्रीट त्याहून जास्त. कोकणातली जांभ्याच्या चिऱ्याची हातभर जाड भिंत, किंवा जुन्या वाड्याची दगडी भिंत, पावसाळ्यात ओल धरते तेव्हा आणखी जड जाते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. आणि धातूचा पत्रा तर त्या जवळजवळ पूर्ण परतवतो. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा हे सारे लहरींच्या दृष्टीने तटच आहेत. त्याच जागी उभे राहून २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ यांची तुलना केली तर भिंतीपलीकडे पहिला पट्टा जास्त टिकतो, दुसरा लवकर थकतो. पण दुसऱ्यात वाट रुंद आहे आणि गर्दी कमी. जवळ असताना ५, दूर असताना २.४, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फोनवर वाय-फायचा जोर आकड्यांत दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. हा आकडा ऋण असतो, उदाहरणार्थ उणे ५० किंवा उणे ७०, आणि त्याचे एकक डेसिबल-मिलिवॅट. प्रमाण लघुगणकीय आहे, म्हणजे दर दहाच्या घसरणीला शक्ती दहापट कमी. उणे ५० वरून उणे ७० म्हणजे शंभरपट घट. विद्यार्थ्यांना लॉगॅरिदम कशासाठी शिकायचे असा प्रश्न पडतो, त्याला हे एक उत्तर. आता एका फोनचे वाय-फाय दुसऱ्या फोनला वाटता येते, ती सोय सुरू करा. वाटणारा फोन स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावा आणि आकडा पहा. मग तोच फोन प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. नंतर दोन फोनांच्या मध्ये पाण्याने भरलेली बादली आणा. डब्याच्या झाकणाला फट राहिली तर संकेत निसटतो. फट किती लांब होती आणि तरंगलांबी किती, याची चर्चा होऊ द्या.

हाच फोन हातात घेऊन घरभर फिरावे आणि कागदावर घराचा आराखडा काढून प्रत्येक खोलीत आकडा लिहावा. उणे ६५ च्या वर असेल तर चिंता नाही. उणे ७५ च्या खाली घसरला की तुटातूट सुरू होते. बाईंच्या मागच्या खोलीत आम्हाला उणे ८२ मिळाला. राउटरसमोरचे कपाट बाजूला केल्यावर, दुसरे काहीही न बदलता, तो उणे ७४ झाला. खर्च शून्य, फक्त दोघांनी कपाट ढकलायचे.

पण जास्त शक्तीचा राउटर घेतला तर भिंत भेदता येणार नाही का? येथे बहुतेकांची गफलत होते. वाय-फाय हे भाषण नसून संभाषण आहे. सभेत वक्त्याकडे ध्वनिक्षेपक असला तर शेवटच्या रांगेत त्याचे बोलणे ऐकू येईल. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाने प्रश्न विचारला तर तो व्यासपीठावर कसा पोहोचणार? फोनचा प्रेषक दुबळा असतो, त्याला बॅटरी वाचवायची असते. फोनवर पूर्ण पट्ट्या दिसत असूनही पान उघडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असते. राउटर ऐकू येतो, पण राउटरला आपण ऐकू जात नाही.

अँटेनांची संख्या पाहूनही भुलू नये, पण त्यांची दिशा मात्र पहावी. उभ्या दांडीसारख्या अँटेनातून लहरी सगळीकडे सारख्या जात नाहीत. दांडी मेदूवड्याच्या भोकातून आरपार घातली आहे अशी कल्पना करा. वडा जिकडे पसरला आहे तिकडे लहरी जातात, दांडीच्या टोकांच्या दिशेला फारच थोड्या. म्हणून एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावर पोहोचायचे असेल तर त्यांतली एक आडवी करावी. ज्यांनी कौलांवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवला आहे आणि खालून "आता मुंग्या आल्या" असे ऐकले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

तीन हजारांचा आकडा

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याची फोड करू. "एएक्स ३०००" असे छापलेल्या राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा कमाल वेग ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्‌झचा २४०२ मेगाबिट. बेरीज २९७६, ती फुगवून ३०००. पण साधारण फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, तेव्हा बेरजेला अर्थ नाही. शिवाय २४०२ चा वेग १६० मेगाहर्ट्‌झ रुंदीची वाट वापरली तरच मिळतो. बरेच फोन ८० मेगाहर्ट्‌झचीच वाट वापरतात, त्यांना १२०१ मिळतो. तोही हवेतला सैद्धांतिक वेग. बोलण्यापूर्वी थांबणे, पोच देणे, चुकलेले पुन्हा पाठवणे यांत बराच वेळ जातो, आणि त्याच खोलीत बसून प्रत्यक्ष हाती येतात सहाशे-सातशे. दोन भिंतींपलीकडे शंभर-दोनशे. आणि बाईंची जोडणी होती मुळात शंभर मेगाबिटची! तीन हजारांची तोटी शंभरांच्या नळाला बसवली होती.

याउलट एक बारीक अक्षरांतली ओळ फार महत्त्वाची, आणि ती कोणी वाचत नाही. राउटरच्या मागची भोके "१०/१००" आहेत की "गिगाबिट"? कित्येक स्वस्त राउटरांवर बाराशेचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण बाहेरून येणारी वायर जिथे जोडायची ते भोक सेकंदाला शंभर मेगाबिटांचेच असते. जोडणी दोनशेची घेतली तरी घरात शंभराहून जास्त शिरणारच नाही. आमच्या मते दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच.

आकडे एवढे मोठे होतात कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. रात्री दूरवरच्या मित्राला कंदिलाने खुणा करायच्या आहेत असे समजा. कंदील लागला किंवा विझला, एवढीच खूण असेल तर एका खुणेत एक बिट जातो. प्रकाशाच्या चार पायऱ्या ठरवल्या तर दोन बिट. राउटर लहरीची उंची आणि कला यांच्या ठरावीक जोड्या वापरतो. २००३ च्या सुमाराच्या यंत्रांत अशा ६४ जोड्या होत्या, म्हणजे एका खुणेत ६ बिट. वाय-फाय ५ मध्ये २५६ म्हणजे ८ बिट, वाय-फाय ६ मध्ये १०२४ म्हणजे १० बिट, आणि २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ७ मध्ये ४०९६ म्हणजे १२ बिट. पण पायऱ्या चौपट केल्या तरी बिट ८ चे १० च झाले, वाढ केवळ पाव पट. आणि हजार छटा ओळखायच्या तर मित्र अगदी जवळ हवा. संकेत क्षीण झाला की दोन्ही यंत्रे आपसांत ठरवून कमी छटांवर उतरतात. म्हणून नव्या पिढीचे खरे वैभव राउटरच्या खोलीतच दिसते आणि मागच्या खोलीत जुना-नवा भेद पुसट होतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. रिकाम्या सभागृहात भरभर बोलले की शब्द एकमेकांत मिसळतात. घरात लहरी भिंती, कपाटे, पंखे यांवरून परतून वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि तोच गोंधळ होतो. सावकाश बोलले तर गोंधळ टळेल, पण मग वेग गेला. यावर तोड अशी, की एकाने भरभर बोलण्याऐवजी पन्नास जणांनी वेगवेगळ्या स्वरांत एकाच वेळी सावकाश बोलावे, आणि ऐकणाऱ्याने स्वर वेगळे करून घ्यावेत. स्वर वेगळे करण्याचे गणित म्हणजे फूरिए रूपांतर. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या बिनतारी जाळ्यासाठी या मार्गाने जाणारी पद्धत तयार केली. तिचे अमेरिकन पेटंट १९९६ साली मिळाले. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे. १९७०च्या दशकात ते फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे क्षीण रेडिओ स्पंद शोधत होते. स्पंद मिळाले नाहीत, गणिताचा हात मात्र बसला. पुढे या पेटंटावरून मोठे खटले झाले आणि संस्थेला चाळीस कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. यावरून त्यांना वाय-फायचे जनक म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. या मुलाला जन्म द्यायला पुष्कळ गाव लागले. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस दुर्बिणींचे संकेत एकत्र करतानाही फूरिए रूपांतरच कामाला येते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

बारावीच्या मुलांसाठी एक गणित. १९९९ च्या ८०२.११ए या मानकात माहिती वाहणारे ४८ स्वर. प्रत्येक स्वर एका खुणेत ६ बिट नेतो, त्यांतले तीन चतुर्थांश खऱ्या माहितीचे, उरलेले चूक दुरुस्तीसाठी. एका खुणेला ४ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला किती बिट? उत्तर ५४ मेगाबिट, जे त्या काळच्या खोक्यांवर छापलेले असे. त्या ४ मायक्रोसेकंदांतले ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी राखलेले असतात. तेवढ्या वेळात प्रकाश २४० मीटर जातो. एवढा लांब फेरा घेऊन आलेला प्रतिध्वनीही मग त्रास देत नाही.

शेजारी, कुलूप आणि भीती

शहरी इमारतीत गोष्ट आणखी वेगळी. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाहिन्या तेरा दिसतात, पण त्यांच्यातले अंतर ५ मेगाहर्ट्‌झ आणि प्रत्येकीची रुंदी सुमारे २०. म्हणून एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच, सहसा १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडांचे वीस राउटर या तिघींत दाटीवाटीने बसतात. प्रत्येक यंत्र आधी कान देते, कोणी बोलत नसेल तरच बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघेही वाटेल तेवढे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. शिस्तीच्या वर्गासारखेच, पण पट वाढला की बोलायची पाळी उशिरा येते. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्‌झ असलेला राउटर घेणे खरोखर शहाणपणाचे, कारण तिथे वाहिन्या कितीतरी जास्त आहेत, आणि भिंतीत लवकर थकण्याचा दोष येथे गुण ठरतो. शेजाऱ्याचा गोंगाट आपल्याकडे येत नाही. वाडी-वस्तीवर, जिथे शेजार दोनशे पावलांवर आहे, तिथे हा मुद्दा गौण.

जुना राउटर बदलण्याचे आमच्या मते सर्वांत सबळ कारण वेग नसून सुरक्षितता आहे, आणि दुकानात त्याचा उल्लेखही होत नाही. वाय-फायची पहिली संकेतलेखन पद्धत, डब्ल्यूईपी, २००१ मध्येच फुटली. नंतरच्या डब्ल्यूपीए २ मध्ये २०१७ साली एक फट सापडली, ती यंत्रातली आज्ञावली सुधारून बुजवता आली. पण ज्या राउटरांना कंपनीने सुधारणा पाठवणेच थांबवले होते, त्यांची फट तशीच राहिली. २०१८ पासून डब्ल्यूपीए ३ आले आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातकी आज्ञावलीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कुलूप फोडून नव्हे. कारखान्यात घातलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता. तेव्हा नवा राउटर घेताना दोन गोष्टी विचाराव्यात, डब्ल्यूपीए ३ आहे का, आणि सुधारणा किती वर्षे मिळणार. दुसऱ्याचे उत्तर दुकानदाराला येणार नाही, पण कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावे. बसवल्या दिवशी राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पालकसभेत हमखास येणारा एक प्रश्न आहे, या लहरींनी मुलांना अपाय होतो का? घरगुती राउटर साधारण ०.१ वॅट शक्ती बाहेर टाकतो असे धरू. दोन मीटरवर ती सुमारे ५० चौरस मीटरच्या गोलावर पसरते, म्हणजे दर चौरस मीटरला ०.००२ वॅट. सर्वसामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर चौरस मीटरला १० वॅट. पाच हजार पटींचा फरक. शिवाय या लहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याएवढी, रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कदाचित" कर्करोगकारक असलेल्यांच्या गटात ठेवले, हेही लपवू नये. त्यामागे मुख्यतः कानाला लावून वापरायच्या फोनचा विचार होता. राउटर उशाशी ठेवू नये असे कोणाला वाटत असेल तर जरूर ठेवू नये. तसेही तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर असलेलाच बरा.

विजेचेही सांगून टाकू. दहा वॅटचा राउटर वर्षभर अखंड चालला तर सुमारे ८८ युनिट जाळतो. आणि वीज जाते तेव्हा तो बंद पडतो, फायबर शाबूत असूनही. ज्या गावात दिवसातून दोनदा वीज जाते तिथे महागड्या राउटरपेक्षा साधा राउटर आणि बारा व्होल्टचा छोटा बॅटरी-संच घेणे केव्हाही चांगले. मात्र फायबरचे यंत्र वेगळे असेल तर त्यालाही बॅटरी हवी. हे विसरल्याने दोघांची फजिती झालेली आम्ही पाहिली आहे.

बाईंच्या घरी शेवटी काय केले ते सांगतो. नवा राउटर मधल्या बोळात, दाराच्या चौकटीवरच्या फळीवर गेला. मागच्या खोलीत आकडा उणे ७१ झाला. बरा होता, पण मध्ये दोन चिरेबंदी भिंती होत्या आणि पावसाळा तोंडावर होता. चाचण्यांच्या भरवशाचा नव्हता. दोन-तीन डब्या एकमेकींशी बिनतारीच बोलून घरभर पसरतात, अशी "मेश" पद्धत दुकानदाराने सुचवली. ती वाईट नाही, पण तिच्या डब्यांनाही तीच भिंत ओलांडायची होती. आम्ही वीस मीटर वायर आणली, खिडकीच्या चौकटीतून मागे नेली आणि तिच्या टोकाला टाकून दिलेला जुना राउटर लावला. आता मागच्या खोलीत उणे ४० दिसतो.

जुना राउटर असा दुय्यम केंद्र म्हणून लावताना तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याच्या मागचे छोटे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून तो कोरा करावा. मग लॅपटॉप जोडून त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे. नाहीतर एका घरात दोन टपालशिपाई होतात आणि पत्रे हरवतात. त्याचा स्वतःचा पत्ताही मुख्य राउटरहून वेगळा ठेवावा. पुष्कळ राउटरांत हे सगळे "अ‍ॅक्सेस पॉइंट" नावाच्या एकाच कळीने होते. नसेल तर वायर निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या भोकात न घालता इतर चार भोकांपैकी एकात घालावी. जुन्या राउटरला सुधारणा मिळणे बंद झाले असेल, तर त्याचे वाय-फाय बंद करून नुसती वायरच लॅपटॉपला लावावी. बाईंच्या मुलाने चाचणीच्या दिवसांपुरते तेच केले.